अख्खी मुंबई ज्याच्या शब्दावर शेअर घ्यायची, त्या प्रेमचंद रायचंद यांची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या मानवत, सेलू नाहीतर जिंतूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला आडत्या म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आडत्या माल उतरवून घेतो, गिऱ्हाईक शोधतो, भाव ठरवतो, अडीनडीला उचल देतो आणि या सगळ्याच्या बदल्यात आपली आडत कापून घेतो. कुणाला तो घरच्यासारखा वाटतो, तर कुणाला वाटतं की आपल्या कष्टावर हाच मोठा झाला.

आता याच घरांतली पोरं मोबाईलवर डिमॅट खातं उघडतात आणि त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या कपड्यात येऊन उभा राहतो. सल्ला देणारा, फोन करून कुठला शेअर घ्यायचा ते सांगणारा, पण टक्क्यानं दलाली घेणारा ब्रोकर निवडायचा? की सल्ला शून्य, दलाली नाममात्र आणि सगळा निर्णय आपला आपण, असं ॲप घ्यायचं?

भारतात हा प्रश्न सगळ्यात आधी आणि सगळ्यात महागात सोडवला तो मुंबईनं, १८६० च्या दशकात. त्या गोष्टीच्या मधोमध एक माणूस उभा आहे, प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल, निदान फोटोत तरी. तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते हेच.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेच्या जैन व्यापारी घरातला. वडील रायचंद दीपचंद. सुरतेचं वैभव तेव्हा ओसरलं होतं आणि हातपाय हलवणारी माणसं मुंबईची वाट धरत होती. रायचंद यांचं कुटुंबही आलं. मुलाला एल्फिन्स्टन संस्थेत घातलं आणि तिथं तो इंग्रजी शिकला. आज हे वाक्य वाचताना काहीच वाटत नाही, पण पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे.

कारण तेव्हा मुंबईत शेअरचे दलाल होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेअरही मोजकेच, काही बँकांचे आणि थोड्या कंपन्यांचे. विकणारे-घेणारे बरेचसे इंग्रज अधिकारी आणि व्यापारी, तर मधले दलाल देशी. दोघांची भाषा वेगळी. १८४९ च्या सुमाराला प्रेमचंद एका मुरलेल्या दलालाच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा साहेबाशी थेट साहेबाच्या भाषेत बोलणारा, लिहिणारा, वाचणारा मुंबईतला पहिला शेअर दलाल अशी त्यांची ओळख झाली. गिऱ्हाईक आपोआप त्यांच्याकडे वळू लागलं.

दलाल बसायचे कुठे? तर टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली. आज जिथं हॉर्निमन सर्कलची बाग आहे, तो हा परिसर. ना इमारत, ना फलक, ना नियमांचं पुस्तक. सौदा तोंडी व्हायचा आणि शब्दावर टिकायचा. प्रेमचंद यांच्याबद्दल असं सांगतात की दिवसभराचे सौदे ते कागदावर टिपून न घेता डोक्यात ठेवायचे आणि चुकायचे नाहीत. यात थोडं मीठमसाला असेलही, पण गिऱ्हाइकाचा त्यांच्यावर विश्वास होता, त्यात शंका नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर प्रेमचंद म्हणजे फुल सर्व्हिस ब्रोकर. ते नुसता सौदा करून देत नसत. बातमी आणायचे, सल्ला द्यायचे, पैसा कमी पडला तर कर्जाची सोयही लावून द्यायचे. परभणीच्या मोंढ्यातला आडत्या जे करतो तेच, फक्त कापसाच्या गाडीऐवजी शेअरच्या कागदांवर.

सरकारनंही नकळत या धंद्याला हात दिला. १८५० मध्ये कंपन्यांचा कायदा आला आणि १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीची सोय झाली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे फक्त शेअरचे पैसे जाणार, घरदार नाही. लोकांची भीती कमी झाली. १८६० पर्यंत दलालांची संख्या साठच्या घरात पोचली आणि त्या साठांत प्रेमचंद सर्वांत पुढे होते.

मग साता समुद्रापार युद्ध पेटलं.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला साधारण पाचातला चार हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. उत्तरेच्या आरमारानं ती बंदरं रोखून धरली आणि गिरण्यांची चाकं थांबायला लागली. कापूस कुठून आणायचा? हिंदुस्थानातून. आखूड धाग्याचा, कचरा जास्त म्हणून जो कापूस नाक मुरडून घेतला जायचा, त्याचा भाव तिप्पट-चौपट झाला. गाद्यांमधला कापूस उसवून लोकांनी विकल्याच्या कथा मुंबईत आजही सांगितल्या जातात.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परभणीला रेल्वे यायला अजून साडेतीन दशकं बाकी होती. पण कापसाचा भाव गावात नाही तर हजारो मैलांवर ठरतो, ही आज इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट मुंबईला पहिल्यांदा पुरती कळली ती या चार वर्षांत.

भाव ठरायचा लिव्हरपूलला आणि ती बातमी यायची बोटीनं. म्हणून असं सांगतात की प्रेमचंद आपल्या होड्या समुद्रात पुढे पाठवायचे. येणारी बोट धक्क्याला लागायच्या आत तिच्यावरची बातमी त्यांच्या माणसाच्या हातात पडायची. बाकीच्या मुंबईला भाव कळेपर्यंत यांची खरेदी किंवा विक्री उरकलेली असायची. दुसऱ्याच्या आधी कळणं हीच तेव्हा दलालाची खरी पुंजी होती.

शहरात इतका पैसा आला की त्याचं करायचं काय हेच कळेना. मग कंपन्या निघाल्या. १८६४ संपताना मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या झाल्या होत्या. विमा, जहाज आणि कापसाचे गठ्ठे बांधणाऱ्या प्रेस कंपन्या वेगळ्याच. यातल्या कित्येकांकडे कचेरी आणि नावाची पाटी यापलीकडे काही नव्हतं. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. दलाल दोनशेच्या पुढे गेले.

सगळ्यात गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन करायची आणि ती विकायची, अशी योजना. तिच्यामागे प्रेमचंद होते. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. शेअर कुणाला मिळणार हे ठरवण्यात प्रेमचंद यांचा हात असायचा, त्यामुळे त्यांच्या दारात रांग लागे. त्या रांगेत व्यापारी होते, कारकून होते आणि साहेबही होते. प्रेमचंद यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर एक ओळ लिहून दिली की त्या माणसाचं नशीब फळफळलं, अशी त्यांची ख्याती झाली होती.

इथं जरा थांबून हे सगळं नीट बघायला हवं.

शेअर विकत घेऊन देणारा दलाल कोण? प्रेमचंद. शेअर चांगला आहे असं सांगणारा सल्लागार कोण? प्रेमचंद. ज्या कंपनीचा शेअर आहे तिचा प्रवर्तक कोण? बऱ्याचदा प्रेमचंदच. आणि तो शेअर घ्यायला कर्ज देणाऱ्या बँकेत ज्यांचा शब्द चालतो ते कोण? तेही प्रेमचंद. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन तर त्यांच्याच प्रभावाखाली होती. बँक ऑफ बॉम्बेत सरकारचेही शेअर होते, पण तिथंही प्रेमचंद यांनी शिफारस केली की कर्ज मिळे, तारण म्हणून शेअरचेच कागद ठेवून घेतले जात. शेअर वाढला म्हणून कर्ज मिळायचं, कर्ज मिळालं म्हणून शेअर वाढायचा.

एकाच माणसानं सगळी कामं केली तर गिऱ्हाइकाची सोय होते. पण तो सल्ला देतोय तो गिऱ्हाइकाच्या फायद्यासाठी की स्वतःच्या, हे ओळखायला गिऱ्हाइकाकडे काहीच उरत नाही. प्रेमचंद लबाड होते असा याचा अर्थ नाही. त्यांचा स्वतःचा पैसाही त्याच कंपन्यांत अडकला होता, म्हणजे आपल्या सल्ल्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास असणार. तरी धोका होताच.

आणि सल्ला न घेता आपल्या हिमतीवर उतरलेले? तेही कमी नव्हते. पुढच्या तारखेचे सौदे तेव्हा जोरात चालायचे. आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसे द्यायचे काही महिन्यांनी. खिशात दमडी नसली तरी सौदा करता यायचा, कारण त्या तारखेच्या आत शेअर चढणार आणि मधला फरक खिशात पडणार, अशी सगळ्यांना खात्री होती. १८६५ साली बहुतेक सगळ्यांच्या सौद्यांची एकच मोठी तारीख ठरली होती, १ जुलै.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली यानं शरणागती पत्करली. युद्ध संपलं. कापसाचा भाव तर शांततेच्या अफवांनी आधीच डगमगायला लागला होता, आता तो कोसळला. मे महिन्यात एका बड्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं आणि मग एकाच्या अंगावर दुसरा, दुसऱ्याच्या अंगावर तिसरा असे पत्त्यांसारखे लोक पडत गेले. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्यांच्या कागदांना किंमत नव्हती. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर तेजीत २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला.

सल्ला घेऊन पैसे लावलेले बुडाले आणि स्वतःच्या डोक्यानं लावलेलेही. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार भरली. पावणेदोन लाख माणसं कमी. तेजीवर जगायला आलेली माणसं निघून गेली होती.

प्रेमचंद यांनाही दिवाळं जाहीर करावं लागलं. वय पस्तिशीच्या आसपास. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या दारात साहेब ताटकळत उभे राहायचे, त्यांच्याकडे बोट दाखवायला आता सगळे पुढे. बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर सरकारनं चौकशी आयोग नेमला. पुरेसं तारण न घेता कर्जं कशी दिली गेली आणि त्यात प्रेमचंद यांचा शब्द किती चालला, हे त्यात बाहेर आलं. दोष एकट्या प्रेमचंद यांचा नव्हता, बँकेचे साहेबही डोळे मिटून बसले होते. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते प्रेमचंद यांचंच नाव. १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावानं नवी काढली गेली. ती पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये इंपीरियलची स्टेट बँक झाली. परभणीतल्या ज्या शाखेत आज पेन्शन जमा होते, तिच्या खानदानात ही भानगड आहे.

बॅक बेची हटवायला घेतलेली जागा सरकारनं ताब्यात घेतली आणि तिच्या काही भागावरून रेल्वेचे रूळ गेले.

तेजीच्या दिवसांत प्रेमचंद यांनी दानही सढळ हातानं केलं होतं. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, मनोऱ्याला आई राजाबाई यांचं नाव द्यायचं. कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले आणि त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालात पुढची कित्येक वर्षं ही शिष्यवृत्ती मिळवणं म्हणजे विद्वत्तेचा शिक्का मानला जायचा. कुलगुरू म्हणून पुढे गाजलेले आशुतोष मुखर्जी हे तिचे एक मानकरी. मुंबईतल्या सट्ट्याच्या पैशावर बंगालातले विद्वान घडावेत, असाही योग.

टॉवरची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि बांधकाम १८७८ मध्ये पुरं झालं. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. दाता दिवाळखोर झाला होता, पण त्यानं दिलेला पैसा विद्यापीठाकडे पोचलेला होता, म्हणून काम अडलं नाही. आई अंध होती, सूर्यास्ताआधी जेवायचा जैनांचा नेम पाळायची आणि तिला वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी कुणास ठाऊक, पण मुंबईकरांना ती आवडते.

प्रेमचंद यांनी पुन्हा धंदा सुरू केला. पहिल्यासारखा झगमगाट नव्हता, पण बाजारात शब्दाला मान परत मिळाला. दरम्यान दलालांचीही वरात चालूच होती. पडझडीनंतर त्यांना बसायला कुणी जागा देईना. या रस्त्यावरून हाकललं की त्या रस्त्यावर, असं करत १८७४ मध्ये ते एका गल्लीत स्थिरावले. तीच आजची दलाल स्ट्रीट. ९ जुलै १८७५ ला ३१८ दलालांनी एक रुपया प्रवेश फी ठेवून नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली. मुंबई शेअर बाजाराची ही सुरुवात आणि तिच्याशी प्रेमचंद यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. दलालांची नोंद असावी, नियम असावेत, शब्द मोडणाऱ्याला बाहेर काढता यावं, हे सगळं १८६५ च्या तडाख्यानंतर सुचलेलं शहाणपण. प्रेमचंद १९०६ मध्ये वारले.

ते गेल्यावर बाजारात दलालाला वळसा घालायची सोय व्हायला जवळजवळ शतक गेलं. १९९२ मध्ये सेबीला कायद्याचं बळ मिळालं. १९९४-९५ मध्ये आरडाओरड करून होणारे सौदे संगणकाच्या पडद्यावर आले, १९९६ मध्ये कागदी शेअर जाऊन डिमॅट आलं आणि २००० मध्ये इंटरनेटवरून सौदे करायला परवानगी मिळाली. २०१० मध्ये झिरोदा सुरू झाली आणि सौद्याची रक्कम कितीही असो, दलाली मात्र ठरावीक, ही पद्धत रुळली. २०१५ च्या अखेरीस तिनं शेअर घेऊन ठेवणाऱ्यांची दलाली शून्यावर आणली. प्रेमचंद यांच्या होड्या जी बातमी आणायच्या ती आता परभणीच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या पोराला आणि दलाल स्ट्रीटवरच्या माणसाला जवळपास एकाच वेळी दिसते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा १ लाखाचे शेअर घेतले आणि तेवढ्यालाच विकले. अर्धा टक्का दलाली घेणाऱ्या फुल सर्व्हिस ब्रोकरकडे जाताना ५०० आणि येताना ५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८०, म्हणजे १,१८० रुपये. प्रत्येक सौद्याला २० रुपये घेणाऱ्याकडे जीएसटी धरून ४७ रुपये २० पैसे. सरकारचा एसटीटी दोन्हीकडे सारखाच, दर लाखाला १०० रुपये. मात्र महिन्याला दोन हजारांचेच शेअर घेणाऱ्याला अर्धा टक्का म्हणजे दहाच रुपये पडतात, वीसची ठरावीक दलाली त्याला उलट महाग. म्हणून किमान दलाली, खात्याचा वार्षिक खर्च आणि विकताना लागणारा डीपी चार्ज हे तीन आकडे विचारल्याशिवाय सही करू नये.

पण १८६५ मध्ये मुंबई दलालीनं बुडाली नव्हती. ती बुडाली उधारीच्या सौद्यांनी, आणि सल्ला देणारा व माल विकणारा एकच असल्यानं.

यातला पहिला रस्ता आज ॲपवर एका बोटाच्या अंतरावर आहे. पुढच्या तारखेच्या सौद्यांचा आजचा अवतार म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या पुढे. कापसाची पट्टी खात्यावर आली आणि पेरणीला अजून दोन-तीन महिने आहेत, तेवढ्यात पैसे फिरवून घेऊ, असं वाटणाऱ्यानं हा आकडा आधी वाचावा. तिथं दलाली स्वस्त असणं हाच सापळा होतो, कारण सौदे वाढतच जातात.

दुसरा रस्ता फुल सर्व्हिसवाल्यांकडे आहे. तिथला फोन करणारा माणूस गोड बोलतो, मराठीतही बोलतो, पण त्याला महिन्याचं टार्गेट असू शकतं आणि तुम्ही जितके सौदे कराल तितकी त्याच्या कंपनीची कमाई. नुसता सल्ला देऊन त्याची फी घेणाऱ्यांसाठी सेबीनं २०१३ मध्ये वेगळी नोंदणी आणली ती याचसाठी. फोनवाल्याला तो सल्लागार म्हणून नोंदलेला आहे का हे विचारायला लाजू नये. नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो.

आणि नाव मोठं म्हणून डोळे मिटायचे नाहीत, हेही आहेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंग या जुन्या, देशभर शाखा असलेल्या फुल सर्व्हिस कंपनीवर सेबीनं कारवाई केली. गिऱ्हाइकांचे दोन हजार कोटींहून अधिक किमतीचे शेअर कंपनीनं स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचं समोर आलं होतं. बहुतेकांना शेअर परत मिळाले, कारण डिमॅटमुळे कुणाचं काय हे शोधता आलं. १८६५ मध्ये ती सोय नव्हती. त्यानंतर मोकळं मुखत्यारपत्र देण्याची पद्धत मोडीत निघाली आणि शेअर गहाण ठेवायचा तर खातेदाराच्या मोबाईलवर ओटीपी यायला लागला. तो ओटीपी फोनवरच्या माणसाला सांगायचा नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

प्रेमचंद यांचा भायखळ्याचा बंगला आता त्यांच्या घराण्याकडे नाही, तिथं मुलींची संस्था चालते. टॉवर मात्र जागेवर आहे. परभणीहून नंदीग्राम नाहीतर देवगिरीनं मुंबईला गेलात, तर सीएसएमटीला उतरून चालत गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तो दिसतो.